आरसीसीबी काढू नका, तो का पडतो ते आधी शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या गावभागात ऐंशी-नव्वद वर्षांचा वाडा, त्यात आईवडील दोघंच राहतात. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा तळमजल्यात पुराचं पाणी आलं. मुलाने पुण्याहून येऊन आरसीसीबी (वीज कुठे गळाली की घराची लाईट आपोआप तोडणारा खटका) बसवून घेतला, पण पावसाळा लागला की तो दिवसातून चारदा पडतो. वायरमनचं म्हणणं, "जुन्या वाड्याला हे चालत नाही, काढून डायरेक्ट करू." वडील कंटाळून हो म्हणाले आहेत. तो काढावा का, आणि वाड्याची तपासणी नेमकी कशी करून घ्यावी?

काढू नका. आजच वडिलांना फोन करून सांगा की मी येईपर्यंत कुणालाही मेनबोर्डला हात लावू देऊ नका. सांगली-मिरजेत परवानाधारक ठेकेदार म्हणून मला तीस वर्षं होऊन गेली. त्यातला निम्मा काळ गावभाग, पेठभाग, खणभागातल्या अशाच घरांत गेला. आरसीसीबी विनाकारण पडतो म्हणून मला बोलावणाऱ्या घरांत कारण सापडलं नाही, असं अगदी क्वचित झालंय. त्या कारणांपैकी काही अशी होती की तो पडला नसता तर माणूस गेला असता.

आरसीसीबी काय करतो ते आधी समजून घ्या, म्हणजे वडिलांना पटवता येईल. फेजमधून जेवढा प्रवाह घरात गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. आरसीसीबी दोन्ही तारांतला प्रवाह सतत ताडून पाहत असतो. परत येताना प्रवाह कमी भरला, तर उरलेला कुठून तरी जमिनीत जातोय: ओल्या भिंतीतून, गीझरच्या अंगातून किंवा माणसाच्या अंगातून. हा फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोचायच्या आत तो लाईट तोडतो. छातीतून एवढा प्रवाह थोडा वेळ गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. आता एमसीबीकडे बघा. प्लगच्या सर्किटचा एमसीबी १६ अँपिअरचा, म्हणजे १६,००० मिलिअँपिअरचा. तो वायर जळू नये म्हणून आहे, माणूस मरू नये म्हणून नाही. म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीसाठी गळतीची मर्यादा ३० मिलिअँपिअर ठेवलीय. तुमचा वायरमन डायरेक्ट करू म्हणतो तेव्हा तो नेमकं हे एकच राखण काढून टाकतोय.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगतो. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या वर कुठेही पडू शकतो, तसं मानकच आहे. जुन्या वाड्यात ओलीमुळे वायरिंगमधूनच आठ-दहा मिलिअँपिअर गळत असतील, फ्रिज आणि वॉशिंग मशीनची थोडी थोडी गळती त्यात मिळाली, की तो काठावर येऊन बसतो. मग पाण्याची मोटर सुरू झाली की पडतो, आणि दोष मोटरीला लागतो. त्यामुळे एकच चोर पकडायचा असं नसतं, बहुतेक वेळा चार ठिकाणची गळती जोडून ती बेरीज झालेली असते. म्हणूनच नुसतं पाहून कारण सापडत नाही, मोजावं लागतं.

मोजायला माणूस येण्याआधी वडिलांना एक काम द्या. बोर्डाशेजारी वही लटकवा. तो पडला की वेळ लिहायची, तेव्हा काय चालू होतं, नुकतं काय लावलं किंवा बंद केलं, पाऊस होता का, लाईट नुकती गेली-आली होती का. आठ दिवसांची अशी वही माझ्यासारख्याचा अर्धा दिवस वाचवते. रात्री सगळं बंद असताना पडत असेल तर वायरिंगमध्ये ओल आहे. ठरावीक उपकरण लावल्यावर पडत असेल तर त्या उपकरणात दोष आहे. लाईट गेल्या-आल्यावर पडत असेल तर इन्व्हर्टरच्या न्यूट्रलकडे बघायचं, कारण इन्व्हर्टर बसवताना त्याचा न्यूट्रल घरातल्या दुसऱ्याच सर्किटच्या न्यूट्रलला बांधून टाकलेला मी कितीदा पाहिलाय. आणि एखादा साधा दिवा लावल्यावर पडत असेल, तर ते वाड्यांचं खास दुखणं आहे. त्यावर जरा सविस्तर लिहितो.

वाडे एका कुटुंबासाठी बांधले गेले आणि पुढे वाटले गेले. भिंत घातली, दार बुजवलं, मीटर वेगळं घेतलं, पण वायरिंग कुणी मुळापासून वेगळं केलं नाही. खणभागातल्या एका वाड्यात धाकट्या भावाने जिन्यातला दिवा लावला की थोरल्याचा आरसीसीबी पडायचा. थोरल्याने तीन आरसीसीबी बदलले होते. कंपनी वाईट, म्हणून दुसऱ्या कंपनीचा आणायचा. दोघा भावांत त्यावरून बोलाचाली झाली होती, धाकटा मुद्दाम काहीतरी करतो असा संशय होता. मी जिन्यातला होल्डर उघडून तार मागे मागे नेली, तर दिव्याला फेज धाकट्याच्या मीटरचा आणि न्यूट्रल थोरल्याच्या बोर्डातला. वाटणी झाली तेव्हा जवळ सापडला तो न्यूट्रल कुणीतरी जोडला होता. नऊ वॅटचा एलईडी दिवासुद्धा ४० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. तो थोरल्याच्या न्यूट्रलमधून परत यायचा, त्याच्या फेजमधून मात्र गेलेलाच नसायचा. आरसीसीबी बरोबर पडत होता.

आणि हे नुसतं गैरसोयीचं नव्हतं. थोरल्याने काम करायला आपला मेन बंद केला, तरी धाकट्याचा दिवा चालू असताना त्या न्यूट्रलमध्ये दिव्यातून फेज यायचा. मेन बंद आहे म्हणून निर्धास्तपणे तारेला हात घालणाऱ्याला शॉक बसला असता. तुमचा वाडा वाटलेला असेल तर शेजारच्या काकांना, चुलत भावांना सोबत घेऊनच तपासणी करा. एकेक मेन बंद करून दुसऱ्याच्या घरात काय बंद होतं, काय चालू राहतं, ते दोन्ही घरांत माणूस उभा करून बघा. या तपासणीला यंत्र लागत नाही, भाऊबंदांचं बोलणं चालू असावं लागतं.

आता मोजणी. मेन बंद करायचा, सगळे प्लग काढायचे, एलईडी दिवे आणि पंख्यांचे रेग्युलेटर सोडवायचे, आरसीसीबीच्या पुढचे फेज आणि न्यूट्रल एकत्र करून ते आणि अर्थ यांच्यामध्ये मेगर, म्हणजे तारेवरचं आवरण गळती किती अडवतं ते मोजायचं यंत्र, लावायचा. मेगर ५०० व्होल्ट डीसी देतो. वाचन किमान १ मेगओहम यायला हवं. नव्या वायरिंगला ते कितीतरी पट जास्त येतं, पावसाळ्यात ओल्या वाड्यात मी ०.०५ सुद्धा पाहिलंय. कमी आलं की एकेक सर्किट सुटं करून पुन्हा मोजायचं. त्यातून सोपा बरा, माजघर बरं, न्हाणीघराची लाईन खराब, असं नेमकं कळतं. सगळा वाडा उचकटण्याची गरज अनेकदा राहत नाही. वायरमनकडे मेगर नसेल तर तो तपासणी करत नाहीये, बघून जातोय. टेस्टर लावून दिवा लागला म्हणजे वायरिंग बरी, हे कृपा करून मानू नका. टेस्टर फेज आहे एवढंच सांगतो, गळती सांगत नाही.

मेगर जुलै-ऑगस्टमध्ये लावा, भिंत ओल पिऊन बसलेली असताना. मे महिन्यात त्याच भिंतीचं वाचन उत्तम येतं आणि पावसाळ्यात आरसीसीबी पुन्हा पडायला लागतो. अर्थिंगचं याच्या अगदी उलट आहे. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात ओली असते, पाइपाला घट्ट धरून बसते, वाचन सुंदर येतं. एप्रिल-मेमध्ये तीच माती आक्रसते, भेगा पडतात, पाइपापासून सुटते आणि वाचन वर जातं. म्हणून अर्थिंग उन्हाळ्यात मोजायचं. साताऱ्याकडच्या मुरमात आणि काळ्या दगडात अडचण वेगळी, तिथे मुळातच रेझिस्टन्स जास्त. एकदाच तपासून घ्यायचं असेल तर तुमच्या घरासाठी मी पावसाळा निवडेन, कारण तुमची तक्रार पावसाळ्यातली आहे, पण पुढच्या उन्हाळ्यात अर्थिंगचं वाचन घेतल्याशिवाय काम संपलं असं समजू नका.

अर्थिंगबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण जुन्या घरांत सगळ्यात घातक गैरसमज इथेच आहेत.

पहिला नळाच्या पाइपाचा. पूर्वी अर्थिंगची तार सर्रास पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधत. पाइप जमिनीत लांबवर जायचा, त्यामुळे काम भागायचं. पुढे गल्लीतली लाईन बदलली, घरातही प्लंबरने पीव्हीसी टाकला, पण न्हाणीघराच्या भिंतीतला दोन-तीन फुटांचा जुना लोखंडी तुकडा आणि त्यावरचा पितळी नळ राहिला. घरभरच्या सॉकेटांची अर्थची तार अजून त्या तुकड्याला बांधलेली. आता तिला जमीनच नाही. स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये गळती झाली की फेज त्या तारेतून थेट न्हाणीघराच्या नळाला येतो. "नळाला झिणझिण्या येतात" असं घरातलं कुणी सांगत असेल, तर ती ओलीची झिणझिण नाही. त्या क्षणी मेन बंद करा. पेठभागात एका आजींनी मला सांगितलं होतं की त्या लाकडी पाटावर उभं राहून नळ सोडतात, कारण तसं केलं की झिणझिण्या येत नाहीत. हे किती दिवस चाललंय विचारलं तर म्हणाल्या, दिवाळीपासून. मी गेलो होतो होळीला.

दुसरा गैरसमज, अर्थिंग चांगलं असेल तर आरसीसीबी नसला तरी चालतो. हिशेब करा. अर्थिंगचं वाचन ५ ओहम आलं, जे घराला चांगलंच म्हणतात. गीझरच्या बॉडीला फेज लागला तर २३० भागिले ५, जास्तीत जास्त ४६ अँपिअर जमिनीत जातील. गीझरला १६ अँपिअरचा सी कर्व्हचा एमसीबी असेल तर झटक्यात पडायला त्याला किमान ८० अँपिअर लागतात. ४६ वर तो तापून पडेल, पण त्याला कित्येक सेकंद लागतील. तेवढा वेळ गीझर आणि नळ दोन्ही जिवंत, आणि आंघोळ करणारा ओल्या फरशीवर. अर्थिंग गळतीला वाट देतं, आरसीसीबी ती गळती पाहून सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत तोडतो. दोन्ही लागतात.

तिसरा, शंभरच्या बल्बची चाचणी. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून तो लख्ख पेटला की अर्थिंग उत्तम, असं मिस्त्री दाखवतात. शंभर वॅटचा बल्ब अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह घेतो. अर्थिंग २० ओहमचं असलं तरी तो जवळजवळ तेवढाच लख्ख दिसेल. अर्थिंग मोजायचं यंत्र असतं, दोन खिळे जमिनीत लांब लांब ठोकून मोजतात. दाट गावभागात खिळे ठोकायला मोकळी जमीन मिळत नाही हे खरं आहे. तिथे लूपची रीत वापरता येते. ते तंत्रज्ञाला माहीत असतं, तुम्ही फक्त वाचन कागदावर मागा.

मीठ-कोळशाचा खड्डा वाईट नाही, पण मीठ जीआय पाइप खातं. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा खड्डा असेल तर उकरून तार आणि पाइपाचा सांधा डोळ्यांनी बघा. अनेकदा तार हातात येते.

वायरिंगचं बघताना आजोबांच्या काळातली पट्टीफिटिंग अजून कुठे जिवंत आहे का, हे आधी शोधा. माडीवर, माळवदाखाली, अडगळीच्या खोलीत ती हमखास राहते. त्या तारेवरचं रबर आतून भुगा झालेलं असतं. न हलवता ती चालते, पंखा बदलायला कुणी ओढली की उघडी पडते, आणि भोवती सागाची पट्टी, कडीपाट, त्यावर इतक्या वर्षांची धूळ. तिची दुरुस्ती करू नका, पूर्ण काढा. ॲल्युमिनियमची वायर असेल आणि पुढे तांब्याची जोडलेली असेल तर ते सांधे सैल होऊन तापतात, तेही काढायचे. जुना लोखंडी मेन असेल तर तो उघडून बघा. फेज आणि न्यूट्रल दोन्हीवर किटकॅट फ्यूज असेल तर न्यूट्रलवरचा फ्यूज आधी जायची शक्यता असते. मग घरात लाईट दिसत नाही आणि प्रत्येक तार मात्र जिवंत. आज न्यूट्रलवर फ्यूज ठेवायला परवानगीच नाही. प्रत्येक दिव्याचं बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर, आणि सॉकेटला समोरून पाहताना फेज उजवीकडे आहे का, हे तासाभराचं काम आहे, करून घ्या.

परसदारातली कपडे वाळत घालायची तार विसरू नका. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर ज्या लोखंडी अँगलवरून येते त्यालाच एक टोक बांधलेलं असतं, किंवा पत्र्याच्या शेडला. सर्व्हिस वायर वाऱ्याने घासून सोलते, पत्र्यात फेज येतो, ओला कपडा टाकायला गेलेल्या बाईला तो बसतो. ही जागा मीटरच्या आधीची असेल तर घरातला आरसीसीबी काहीही करू शकत नाही. तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधा. आजच. सर्व्हिस वायर सोललेली दिसली तर महावितरणला १९१२ वर कळवा, स्वतः चिकटपट्टी गुंडाळायला चढू नका.

आता पूर. मी मालवणला एका घराचं काम केलंय. तिथे शत्रू खारी हवा आहे. ती वरून, सगळीकडून, सावकाश खाते, एमसीबीचे स्क्रू हिरवे पडतात. आपल्याकडे कृष्णेचं पाणी खालून येतं आणि गाळ ठेवून जातं. आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तुमच्या भिंतीवर त्या वेळची रेघ अजून दिसत असेल. तिच्याखाली जे जे होतं ते सगळं तपासा. वायर चांगल्या प्रतीची पीव्हीसी असेल तर वाळवून, मेगर लावून ठेवता येते. पण बुडालेलं बटण, सॉकेट, एमसीबी, आरसीसीबी ठेवायचं नाही, कितीही धुतलं आणि उन्हात वाळवलं तरी. आतल्या स्प्रिंगमध्ये आणि संपर्कात गाळ बसतो. आरसीसीबी वरून ठीक दिसेल आणि नेमक्या वेळी पडणार नाही. २०१९ नंतर पैशांची ओढ होती, लोकांनी सॉकेट उघडून ब्रशने साफ करून पुन्हा बसवली, मला त्यांची अडचण कळते. पण तुमच्या तळमजल्यावर अशी सॉकेटं असतील तर तुमच्या गळतीचा मोठा वाटा तिथलाच असेल, असा माझा अंदाज आहे. भिंतीतल्या पाइपमध्ये अडकलेला गाळही दर पावसाळ्यात ओल धरतो. तळमजल्याचं वायरिंग नव्याने करायची वेळ आलीच तर तारा वरून खाली आणा, जोत्याकडून वर नेऊ नका, आणि बोर्ड पुराच्या रेघेच्या वर घ्या. तळमजल्याला आणि माडीला वेगळे आरसीसीबी द्या, म्हणजे खालचा पडला तरी वर लाईट राहील आणि वडिलांचा कंटाळा निम्मा होईल. इन्व्हर्टरवर फक्त दिवे-पंखे ठेवा, न्हाणीघरातलं काहीही नको.

माणूस कोण बोलवायचा? राज्य सरकारचा परवाना असलेला विद्युत ठेकेदार, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडे तारतंत्रीचा परवाना. परवाना बघायला मागितला तर चांगला माणूस रागावत नाही. काम झाल्यावर त्याच्याकडून सहीचा कागद घ्या: प्रत्येक सर्किटचं मेगरचं वाचन, अर्थिंगचं वाचन आणि तारीख, आरसीसीबी किती मिलिअँपिअरला आणि किती वेळात पडला, काय बदललं, काय राहिलं. "सगळं ओके" असं लिहिलेला कागद परत करा. पाच वर्षांनी पुन्हा मोजाल तेव्हा हेच आकडे कामाला येतील. मध्ये पूर आला तर पाच वर्षं थांबायचं नाही.

पैसे एकदम निघणार नसतील तर माझा क्रम असा: आधी अर्थिंग आणि न्हाणीघराची लाईन, मग तळमजल्यातली बुडालेली बटणं-सॉकेटं, मग न्यूट्रलची गुंतागुंत, मग माडीवरची पट्टीफिटिंग. तोवर आरसीसीबी पडत राहील, पडू द्या. आईला सांगा, आंघोळीला जाण्याआधी गीझर बंद, बादली भरून घेतल्यावर आत जायचं. महिन्यातून एकदा वडिलांना आरसीसीबीवरचं 'टी' बटण दाबायला लावा. तुम्ही फोनवर असताना दाबलं तर उत्तम, खटका तुम्हालाही ऐकू येईल. दाबूनही पडला नाही, तर तो त्याच दिवशी बदला.

आणि नदी चढायला लागली की मेन बंद करायचं काम एकाच माणसाचं, हे आत्ताच ठरवून ठेवा. पाणी अंगणात यायच्या आधी, पाय कोरडे असताना. पाणी बोर्डापर्यंत आल्यावर मेन बंद करायला कुणीही आत जायचं नाही, तेव्हा महावितरणला फोन करून डीपीवरून लाईन बंद करून घ्यायची.